लोरावॅनचं (कमी विजेत लांबवर रेडिओने डेटा पाठवायची पद्धत) आरएन२४८३ मॉड्यूल अर्डुइनो उनोला जोडलंय. टेबलावर उत्तर देतं, शेतात बॅटरीवर काही तासांनी गप्प होतं, नेटवर्कला जॉइनही होत नाही. मॉड्यूल खराब आहे का?

नाही. मेलेलं मॉड्यूल सकाळी बोलून दुपारी गप्प बसत नाही.

याच दुखण्यावरून आमच्या ऑफिसात एका सिनियरशी माझं वाजलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. निफाडकडच्या द्राक्षबागांत मातीचा ओलावा मोजणारे नोड (सेन्सर, कंट्रोलर आणि हे मॉड्यूल असलेले डबे) बसवायचं काम होतं. नोड मुका झाला की साहेबांचं ठरलेलं, "उडालंय, नवीन लाव." जुनं मॉड्यूल काढून 'डेड' लिहिलेल्या खोक्यात. नवीन चालायचं, त्यामुळे त्यांचंच खरं ठरायचं. मी त्या खोक्यातलं एक उचललं, ३.३ व्होल्टच्या यूएसबी-टीटीएलला (कॉम्प्युटरला सिरियल जोडणी देणारा अडॅप्टर) जोडलं आणि ५७६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला तितक्या बिटच्या वेगाने, 'सिस गेट व्हर' ही व्हर्जन विचारणारी कमांड पाठवली. व्हर्जन लगेच आलं. पुढच्यांचंही तेच.

झालं होतं असं. सॉफ्टवेअर सिरियल (साध्या पिनांवर कोडने चालवलेला सिरियल पोर्ट) ५७६०० वर अक्षरं खातं, म्हणून आमच्या कोडमध्ये सुरुवातीलाच ब्रेक (लाइन थोडा वेळ लो ठेवणं) आणि त्यामागे हेक्स ५५ हा बाइट नव्या वेगाने पाठवून मॉड्यूल ९६०० वर आणलेलं. पण हा बॉड रेट मॉड्यूल लक्षात ठेवत नाही. रिसेट झालं की परत ५७६००. ट्रान्समिट करताना उतरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज बसायचं, मॉड्यूल रिसेट व्हायचं, कंट्रोलर मात्र चालूच. एक ९६०० वर बोलतोय, दुसरा ५७६०० वर ऐकतोय. नवीन मॉड्यूल चालायचं ते नवीन म्हणून नाही, सोल्डरिंगसाठी पॉवर काढली जायची म्हणून! बॅटरी काढून परत लावली असती तरी जुनंच बोललं असतं.

तुमच्या कोडमध्येही रेट बदलत असाल तर आधी हेच बघा. मॉड्यूलची रिसेट पिन कंट्रोलरला जोडा. उत्तर आलं नाही की रिसेट द्या, मग ब्रेक आणि ५५ नव्याने. ब्रेकचा वेळ डोळे झाकून उचलू नका. मॉड्यूलच्या कमांड मॅन्युअलमधले ९३८ मायक्रोसेकंद ५७६०० साठी आहेत. मॉड्यूल आधीच ९६०० वर असेल तर तेवढ्या वेळाला ते साधं शून्य अक्षर समजतं. मी मॉड्यूलची आरएक्स (डेटा घेणारी) लाइन सरळ ५ मिलिसेकंद लो ठेवतो. आणि पुरवठ्याच्या पिनेजवळ दणकट कपॅसिटर हवाच.

साहेब अजूनही म्हणतात की तो लॉटच खराब होता. माझं म्हणणं, स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावून पुरवठा न बघता 'उडालंय' म्हणणाऱ्याच्या हातात सोल्डरिंग गन देऊच नये. पार्ट बदलत राहणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, ग्राहकाचे पैसे जाळणं आहे.

मॉड्यूलकडून 'इनव्हॅलिड पॅराम' असं उत्तर येत असेल तर सिरियल ठीक आहे, कमांड चुकतेय. सगळी अक्षरं स्मॉल, शेवटी सीआर आणि एलएफ (ओळ संपल्याची दोन अदृश्य अक्षरं) दोन्ही. जॉइन होत नाही म्हणता, त्यासाठी चॅनेल भारतातल्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये बसवलेत का एवढं पाहा.

हो, तुम्ही उनो वापरताय हे आत्ता लक्षात आलं. त्याचा टीएक्स (डेटा पाठवणारी पिन) ५ व्होल्टचा, मॉड्यूल ३.३ चं. १ के आणि २ के रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर न लावता तो थेट जोडला असेल तर मात्र मॉड्यूल खरंच गेलेलं असू शकतं. शिवाय उनोच्या ३.३ व्होल्ट पिनेवर ५० मिलिअँपिअरच मिळतात आणि हे मॉड्यूल पूर्ण पॉवरला सुमारे ४० घेतं. त्यावर सेन्सरही चालवत असाल तर आधी वेगळा रेग्युलेटर लावा.