कृषी पदवी नसताना पिकांवरील किडींवर संशोधन करता येईल का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर सापडलेल्या अळ्या ती बरणीत पाळते आणि पुढे पिकांवरील किडींवरच संशोधन करायचे म्हणते. कृषी पदवीशिवाय या विषयात वाव नाही, असे आमच्या नात्यातील एक कृषी अधिकारी सांगतात. शिवाय पीएच.डी. होईपर्यंत कमाईचे काय, ही काळजी आहेच. (एक पालक, कोथरूड)

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या नातेवाइकांचे म्हणणे निम्मे खरे आहे. कृषी विद्यापीठांतील एम.एस्सी. (कृषी) कीटकशास्त्र या अभ्यासक्रमासाठी साधारणपणे चार वर्षांची कृषी पदवीच लागते, त्यामुळे शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात तिला या विषयासाठी प्रवेश मिळणे कठीण आहे. पर्यायाने भारतीय कृषी संशोधन परिषदेतील कृषी कीटकशास्त्रज्ञाचे पद, राज्याची कृषी सेवा आणि कृषी विज्ञान केंद्रातील पीक संरक्षण तज्ज्ञाचे पद या वाटाही जवळपास बंद होतात. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन सल्ला देण्याचे काम तिला करायचे असेल, तर हा तोटा मोठा आहे.

परंतु तिची ओढ अळी आणि झाड यांच्यात नेमके काय घडते याकडे असेल, तर वनस्पतिशास्त्राची पदवी अडसर न ठरता उपयोगीच पडते. उदाहरणार्थ, हरभऱ्यावरील घाटेअळी पान कुरतडू लागली की अनेक वनस्पती अळीच्या आतड्यातील प्रथिने पचवणारी विकरे (एन्झाइम) निकामी करणारे पदार्थ तयार करतात. अळीही स्वस्थ बसत नाही, ज्या विकरांवर त्या पदार्थांचा परिणाम होत नाही अशी विकरे ती अधिक प्रमाणात बनवू लागते. मिरचीवर्गीय वनस्पतींतील अशा पदार्थांवर पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम झालेले आहे. कपाशीचे उदाहरण तर आपल्या राज्याला चांगलेच परिचयाचे आहे : बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली, दुसऱ्या पिढीचे वाण 2006 मध्ये आले, आणि 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात तीच कपाशी पोखरली. किडीत प्रतिकारशक्ती कशी निर्माण होते, हा प्रश्न जनुकशास्त्राचा आहे तितकाच शेतीचाही आहे, आणि त्यावर काम करणाऱ्यांत कृषी पदवी नसलेले अनेक जण आहेत.

आता ज्या गोष्टीबद्दल विद्यार्थी सहसा विचारत नाहीत, ती सांगतो. या संशोधनाचा मोठा हिस्सा म्हणजे अळ्या पाळणे. घाटेअळ्या मोठ्या होताना एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येक अळी वेगळ्या कुपीत ठेवावी लागते. बेसन, अगार, यीस्ट आणि जीवनसत्त्वे घालून शिजवलेले खाद्य घालावे लागते, विष्ठा काढावी लागते, तापमान सांभाळावे लागते. त्यातच विषाणूचा शिरकाव झाला तर अळ्या काळ्या-मऊ पडून उलट्या लटकतात आणि कित्येक महिन्यांची वसाहत काही दिवसांत संपते. (शेतात घाटेअळीचा बंदोबस्त करण्यासाठी फवारतात तो हाच विषाणू.) दिवाळीतही कोणाला तरी प्रयोगशाळेत जावेच लागते. बरणीतली चार फुलपाखरे आणि शेकडो कुप्यांची रोजची उठाठेव यांत फार अंतर आहे, आणि ही उठाठेव तिला मानवते की नाही, हे प्रवेशापूर्वीच कळलेले बरे.

पुढची वाट अशी : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन एम.एस्सी. करावी आणि त्याच काळात सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची जीवशास्त्र विषयाची तयारी करावी. चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांनी पूर्ण केल्यास थेट पीएच.डी.ला पात्र ठरण्याची तरतूद 2022 च्या यूजीसी नियमांत आहे. तरीही मी एम.एस्सी.च सुचवीन, कारण प्रयोगशाळेतील हात त्या दोन वर्षांत बसतो. नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि त्यानंतर 42,000 रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता. म्हणजे पीएच.डी.च्या काळात घरून पैसे द्यावे लागणार नाहीत, मात्र छात्रवृत्ती न मिळता केवळ प्रवेश मिळाला तर हे गणित बिघडते आणि तेव्हा थांबून पुन्हा परीक्षा देणे श्रेयस्कर.

पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे सहज जातात. त्यानंतर प्राध्यापकाच्या कायम जागा मोजक्याच असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. बियाणे कंपन्या, जैविक कीटकनाशकांचे उत्पादक आणि निर्यातीच्या द्राक्षांमधील कीडनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा यांना मात्र प्रशिक्षित माणसे लागतात, त्यामुळे रासायनिक विश्लेषण आणि संख्याशास्त्र या दोन गोष्टी तिने आवर्जून शिकाव्यात.

येत्या उन्हाळ्यासाठी तिने जानेवारीतच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि आघारकर संशोधन संस्था येथील संबंधित शास्त्रज्ञांना स्वतः पत्रे लिहावीत. एकच मजकूर सर्वांना पाठवू नये. प्रत्येकाचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातील आपल्याला न समजलेला एक मुद्दा पत्रात विचारावा. दोन महिने कुठे अळ्या पाळण्याचे काम मिळाले, तर विद्यावेतन नसले तरी ते स्वीकारावे. जूनमध्ये ती काय म्हणते, ते मला अवश्य कळवा.