२४ जणांसाठी पिझ्झे किती मागवायचे?

तुम्ही विचारलंय की १८ मोठी माणसं आणि ६ मुलं आहेत, त्यातले ८ जण व्हेज, संध्याकाळी सातला सगळे जमणार आणि पिझ्झा हेच जेवण, तर मागवायचे किती. आधी आकडा सांगून टाकते: १४ इंची असतील तर ९, आणि त्यातले ५ व्हेज. आता तो कुठून आला तेही सांगते, कारण तुम्ही मागवणार आहात तिथला लार्ज १४ इंची असेलच असं नाही, आणि ऐनवेळी चार माणसं वाढली किंवा गळाली तर तुमचं तुम्हालाच गणित मांडता आलं पाहिजे.

ऑफिसात असताना बरीच वर्षं असल्या ऑर्डरी माझ्याकडेच असायच्या, १० जणांपासून ६० जणांपर्यंत. सगळीकडे एकच नियम सांगतात, मोठ्या माणसाला ३ स्लाइस, एका पिझ्झात ८ स्लाइस, म्हणजे माणसं गुणिले ३ भागिले ८. नियम चांगला आहे, मी पण तिथूनच सुरुवात करते, पण त्यात एक मोठी अडचण आहे की स्लाइस हे काही ठरलेलं माप नाही. १२ इंचीचे ८ तुकडे केले काय आणि १८ इंचीचे ८ तुकडे केले काय, मोजताना दोन्हीकडे ८च, पण १८ इंचीचा एक स्लाइस म्हणजे १२ इंचीचे सव्वादोन. म्हणून मी स्लाइस मोजणं सोडून दिलं आणि साइझवरून हिशोब करायला लागले.

तो असा करायचा. पिझ्झाच्या इंचाला त्याच आकड्याने गुणायचं. १० इंची म्हणजे १००, १२ इंची १४४, १४ इंची १९६, १६ इंची २५६, १८ इंची ३२४. खरं क्षेत्रफळ काढायचं तर त्यात पाय (π) वगैरे येतो पण आपल्याला नुसती तुलना करायचीय, त्यामुळे त्याची गरज पडत नाही. मेनूवर सेंटिमीटर असतील तर अडीचने भागा, ३० सेंटिमीटर म्हणजे साधारण १२ इंच, ३५ म्हणजे १४.

आता बघा, १२ इंचीचे दोन पिझ्झे मिळून २८८ होतात आणि १८ इंचीचा एकच ३२४. हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही, दोन डबे एका डब्यापेक्षा जास्तच असणार असंच वाटतं. १८ इंचीच्या बरोबर मधोमध १२ इंची ठेवलाय अशी कल्पना करा, भोवती सगळीकडून तीन इंचांचा पट्टा उरतो. पट्टा दिसायला अरुंद आहे पण तो सगळ्यात बाहेरून गोल फिरतो ना, त्यामुळे त्यात मधल्या अख्ख्या १२ इंचीपेक्षा जास्त पिझ्झा असतो. शिवाय कडेचा जो कोरडा भाग बरेच जण ताटात टाकून देतात तो मोठ्या पिझ्झात त्यामानाने कमी येतो. तेव्हा ऑफर बघून 'दोन मीडियम' घ्यायच्या आधी एकदा हा गुणाकार करून बघाच.

माणसांचा हिशोब पण ह्याच मापात करायचा. १४ इंचीचे ३ स्लाइस म्हणजे १९६ चे तीन अष्टमांश, साधारण ७५. तर मोठ्या माणसाला ७५ धरायचे, लहान मुलाला ५०. तुमचे १८ गुणिले ७५ झाले १३५०, मुलांचे ३००, एकूण १६५०. भागिले १९६ केलं की ८.४ येतात, म्हणजे ९. हेच १२ इंची घेतले तर ११ आणि वर थोडं, म्हणजे १२ लागतील. १८ इंचीचे घेतलेत तर ५ जवळपास पुरतात, सोबत थोडं गार्लिक ब्रेड घेतलं की झालं.

७५ हा आकडा जेवणाच्या वेळेचा आणि साध्या क्रस्टचा आहे हे लक्षात ठेवा. जाड क्रस्ट असेल तर माणूस दोन स्लाइसमध्येच थांबतो, तेव्हा ६० पुरतात. पातळ क्रस्ट पटापट संपतो, तिथे मी ९० धरते. दुपारी चारला जमणार असाल, किंवा आधी स्टार्टर, पास्ता, केक असं बरंच काही असेल तर ५० सुद्धा खूप झाले. आणि खेळून, ट्रेक करून किंवा दिवसभर सामान हलवून लोक आले असतील तर १०० च्या खाली जाऊ नका.

जास्तीचे किती मागवायचे हा प्रश्न असतोच. ह्यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ग्रुप जितका छोटा तितका अंदाज जास्त चुकतो. सहा जणांत एक जरी पाच स्लाइस खाणारा निघाला की गणित कोलमडतं, पण साठ जणांत जास्त खाणारे आणि कमी खाणारे एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून १० पेक्षा कमी माणसं असतील तर हिशोबाच्या वर एक अख्खा पिझ्झा जास्त घ्या. २०-२५ ला वरच्या आकड्यापर्यंत नेलं की बास, तुमचे ८.४ चे ९ केले त्यातच ते आलं. पन्नासच्या पुढे तर उलट येतो म्हणून न येणारेच निघतात, तिथे मी जास्तीचा एकही घेत नाही.

आता व्हेजचं. हा भाग नीट वाचा, कारण बहुतेक ठिकाणी एकूण पिझ्झे बरोबर असतात आणि वाटणी चुकते. एकदा ऑफिसात निरोप समारंभ होता, ३० माणसं, त्यातले १० व्हेज. मी ११ मागवले, एक तृतीयांश व्हेज म्हणून ४ व्हेज आणि ७ नॉनव्हेज. कागदावर एकदम बरोबर. डबे उघडले आणि रांगेत पुढे असलेल्या प्रत्येकाने एक हा आणि एक तो असं ताटात घेतलं, साहजिकच आहे, समोर दोन्ही आहे तर माणूस दोन्ही घेणार. पंधरा मिनिटांत चारही व्हेज डबे रिकामे. आमची एक सहकारी खुर्च्या लावत होती म्हणून मागे राहिली, ती पूर्ण व्हेज, हातात कागदी प्लेट धरून एकेका डब्याचं झाकण वर करून बघत चालली होती. शेवटच्या डब्याशी मी पोचले तेव्हा म्हणाली, "राहू दे गं, मला तशी भूक नाहीये." दुपारपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं, मला माहीत होतं. आणि तिकडे नॉनव्हेजचे अडीच डबे उरलेले. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि पुढच्या प्रत्येक ऑर्डरला मी सगळ्यात आधी व्हेजचा हिशोब करते.

तो सोपा आहे. व्हेज माणसं फक्त व्हेज खाणार, पण नॉनव्हेज खाणारा प्रत्येकजण निदान एक स्लाइस व्हेजचा घेणारच असं धरायचं. तुमच्याकडे ८ जण व्हेज, त्यांचे ३-३ म्हणजे २४ स्लाइस, झाले ३ पिझ्झे. उरलेल्या १६ जणांचा एक-एक म्हणजे १६ स्लाइस, झाले २. एकूण ५ व्हेज, ४ नॉनव्हेज. व्हेज उरले तर ते कुणीही खाऊ शकतं, नॉनव्हेज उरले तर व्हेजवाल्यांच्या काहीच कामाचे नाहीत, म्हणून शंका आली की झुकतं माप व्हेजला द्या. आणि जमलं तर व्हेजवाल्यांना रांगेत आधी घ्या, किंवा त्यांचा एक डबा बाजूला झाकून ठेवा, ह्यात कुणाला वाईट वाटायचं काही कारण नाही.

टॉपिंगच्या बाबतीत फार हौस करू नका असं मी सांगेन. ५ व्हेजमधले निदान २-३ साधे चीजचे ठेवा, मुलं तेच खातात आणि मोठेही तेच आधी उचलतात. मशरूम, ऑलिव्ह, अननस, खूप तिखट असं काही हवं असेल तर अर्धा-अर्धा करून घ्या, ह्या चारही गोष्टींवर कुणीतरी नाक मुरडणारं असतंच आणि अख्खा पिझ्झा एकाच्या आवडीवर घालवणं परवडत नाही.

कुणाला ग्लुटेन चालत नाही, कुणी दूध-चीज खात नाही, कुणाला कशाची ॲलर्जी आहे का हे दोन दिवस आधीच ग्रुपवर विचारा. अशांसाठी वेगळा छोटा पिझ्झा घ्यायचा, तो एकूण हिशोबात धरायचा नाही, डब्यावर नाव लिहायचं आणि तो त्यांच्याच हातात द्यायचा, टेबलावर बाकीच्यांत ठेवायचा नाही. ग्लुटेनचा त्रास जर गंभीर असेल तर नुसता वेगळा बेस घेऊन भागत नाही, त्याच किचनमध्ये पीठ उडत असतं, त्याच कटरने कापतात, तेव्हा त्या माणसालाच विचारा की त्याला काय चालेल.

ऑर्डर आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ९ पिझ्झे ओव्हनमध्ये एकदम मावत नाहीत आणि सुट्टीच्या संध्याकाळी तर अजूनच वेळ लागतो. शक्य असेल तर दोन खेपांत मागवा, पहिले ५ पावणेसातला आणि बाकीचे अर्ध्या तासाने. उशिरा येणाऱ्यांना गरम मिळतं, आणि पहिल्या खेपेत काय पटकन संपतंय ते कळतं. पण दोन्ही खेपांत व्हेज असू द्या, ३ आणि २. डबे आले की एकावर एक रचून तसेच ठेवू नका, आतल्या वाफेने खालचा बेस ओला होतो, झाकण बोटभर उघडं ठेवा.

कापायला सांगताना १४ इंचीचे ८ ऐवजी १२ तुकडे करून मागा. मुलं मोठा स्लाइस अर्धा खाऊन टाकतात, छोटा पूर्ण संपवतात, आणि ज्याला पोटात थोडीशीच जागा आहे त्याला पण एक घेता येतो. पिझ्झा तेवढाच, पण वाया कमी जातो.

उरलंच तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, रात्रभर टेबलावर राहिलेला खाऊ नका. तीन-चार दिवस टिकतो. गरम करताना मायक्रोवेव्हमध्ये बेस चिवट होतो, त्यापेक्षा मंद आचेवर तव्यात ठेवायचा, खालून कडक झाला की कडेला दोन थेंब पाणी टाकून मिनिटभर झाकण.

एक राहिलंच, मुलांचं वय तुम्ही लिहिलं नाहीये. मी आठ-नऊ वर्षांची धरून ५० घेतले. ती जर तेरा-चौदाची असतील तर प्रत्येकी १०० धरा, ह्या वयातली मुलं मोठ्यांपेक्षा जास्त खातात. मग एकूण १९५० होतील आणि ९ पुरणार नाहीत, १० सांगा, आणि तो दहावा साध्या चीजचा.