व्हॉल्वॉक्सची 'वसाहत' म्हणावी की 'निवह'?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंनी विचारलंय : 'व्हॉल्वॉक्स ही हिरव्या शैवालांची वसाहत असते असं वर्गात सांगितलं. एका मुलीनं लगेच विचारलं, मग ते आधी कुठं राहायचे? वसाहत हा शब्द इथं बसतो का? आणि शैवाल म्हणायचं की शेवाळ?'

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. संस्कृतात शेवाल, शैवल, शैवाल अशी रूपं आहेत आणि आपलं शेवाळ त्याच घरातलं. विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो ते शेवाळ, पावसाळ्यात चिऱ्यांच्या भिंतीवर चढतं तेही शेवाळ. पण भिंतीवरचं पुष्कळदा मॉस असतं, ते शैवालात मोडत नाही. कानडीतली 'पाची' अशीच ऐसपैस आहे. तेव्हा शास्त्र शिकवताना शैवाल, बोलताना खुशाल शेवाळ.

आता वसाहत. त्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे. वसाहत हा शब्द 'वसणे'शी जोडलेला. कुणीतरी कुठूनतरी येतं आणि वसतं, हे त्यात गृहीतच आहे. पोर्तुगिजांची वसाहत, उद्यमबागेतली औद्योगिक वसाहत, सगळीकडे हाच अर्थ. आपल्या भागातल्या मुलांच्या कानावर कानडीतलं 'वसाहतु'ही पडतं, तेही त्याच अर्थाचं. दोन्ही भाषा मुलांना एकाच दिशेला नेतात, आणि व्हॉल्वॉक्सच्या बाबतीत ती दिशा चुकीची आहे.

कारण तिथं बाहेरून कुणी आलेलंच नसतं. व्हॉल्वॉक्स हा पारदर्शक, बुळबुळीत गोळा. त्याच्या पृष्ठभागावर जातीनुसार शेकड्यांनी किंवा हजारांनी बारीक हिरव्या पेशी, प्रत्येकीला दोन कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठी हलणारे चाबकासारखे बारीक धागे. व्हॉल्वॉक्स कार्टेरी या जातीत अशा साधारण २००० पेशी पोहण्याचं काम करतात आणि फार तर १६ मोठ्या पेशी प्रजननाचं. त्या मोठ्यांपैकी एक पेशी पुन्हापुन्हा विभागत जाते, तिच्या लेकी एकमेकींपासून सुटतच नाहीत, आणि आईच्या गोळ्याच्या पोटातच नवा गोळा तयार होतो. गंमत अशी की सुरुवातीला त्याच्या कशाभिकांची टोकं आतल्या बाजूला असतात. मग उशीचा अभ्रा उलटवावा तसा तो अख्खा गोळा एका भोकातून उलटा होतो आणि कशाभिका बाहेर येतात. पुढं आईचा गोळा फोडून लेकी बाहेर पडतात आणि आईच्या पोहणाऱ्या पेशी मरून जातात. पेशींची संख्या भ्रूणावस्थेतच ठरलेली असते. नंतर गोळा मोठा होतो तो पेशींमधला बुळबुळीत भाग वाढल्यानं, नव्या पेशी येऊन मिळत नाहीत.

म्हणून मला 'निवह' हा शब्द पटतो. जीवशास्त्राच्या मराठी लेखनात तो आहेच, प्रवाळांसाठी वापरलेला आढळतो. संस्कृतात त्याचा अर्थ समुदाय, आणि मुळाशी 'वह्' धातू, वाहून नेण्याचा. कुठून आले, कुठं वसले याबद्दल तो काहीच बोलत नाही. शिवाय हजारो कशाभिकांच्या वल्ह्यांवर एकत्र पुढं जाणाऱ्या जीवाला तो शोभतो. 'समूह'ही चालेल, पण तो शब्द इतका सैल आहे की पेशींचा ढीगही समूहच. गोनियम, पँडोरिना, युडोरिना या भावंडांत पेशी ८, १६, ३२ अशा दुपटीच्याच हिशोबानं असतात, ढिगाला असा हिशोब नसतो.

मुलीला उत्तर देताना आणखी एक सांगा : पुष्कळदा ते आधीही तिथंच होते, चिखलात. पाणी आटण्याच्या सुमारास लैंगिक प्रजननातून जाड भिंतीचे, केशरी-तांबूस युग्मनज (नर आणि मादी पेशी एकत्र येऊन झालेल्या पेशी) तयार होतात. व्हॉल्वॉक्स कार्टेरीत तर पाणी तापलं की हे प्रजनन सुरू होतं, असं प्रयोगांत दिसलंय. हे युग्मनज कोरड्या मातीत तग धरतात आणि पाणी साठलं की त्यांतून नवे निवह निघतात. आपली भातखाचरं, तळ्यांचे उथळ काठ हा सगळा त्यांच्या सोयीचा मुलूख. काचेच्या पेल्यात असं पाणी घेऊन उजेडासमोर धरा. व्हॉल्वॉक्स असेल तर मोहरीहूनही बारीक हिरवे ठिपके गरगरत वर सरकताना साध्या डोळ्यांना दिसतात, आणि भिंग लावलं तर पोटातल्या लेकीही. लिनीयसनं १७५८ साली व्हॉल्वॉक्स हे नाव दिलं ते या लोळण्यावरूनच.

'कार्टेरी' हे नाव एच. जे. कार्टर यांचं. हे ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यवैद्य. मुंबईच्या पाण्यातल्या व्हॉल्वॉक्सवर त्यांनी १८५०च्या दशकात लिहिलं आणि १८७८ मध्ये स्टाइन यांनी जातीला त्यांचं नाव दिलं. पुढं मद्रासच्या एम. ओ. पी. अय्यंगारांनी १९३३ साली दक्षिण भारतातल्या अशा निवही शैवालांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. वर्गात ही नावं जरूर घ्या.

मुलांना तळ्यावर नेणार असाल तर एक जपा. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा दाट, घाण वासाचा थर दिसला तर तो बहुधा मायक्रोसिस्टिसचा. त्याच्याही पेशी बुळबुळीत गोळ्यांत राहतात, पण त्यांची संख्या ठरलेली नसते. जुन्या पुस्तकांत त्याला 'नील-हरित शैवाल' म्हटलंय, प्रत्यक्षात तो जीवाणू आहे आणि त्याचं विष यकृतावर परिणाम करतं. त्या पाण्यात मुलांना हात घालू देऊ नका आणि ते गुरांनाही पाजू नका.