मुंबई–लंडन : चार तास की साडेचौदा?

प्रश्न : मुलीकडे लंडनला जायचे आहे. संकेतस्थळावर मुंबई–हीथ्रो अंतर ७,२१० किलोमीटर आणि वेळ साडेआठ तास दिसते. तिकिटावर मात्र जाताना दुपारी १.३० ते संध्याकाळी ५.३०, म्हणजे चारच तास. येताना रात्री ९ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०, म्हणजे साडेचौदा! प्रवास हिवाळ्यातला आहे. खरे काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अंतर बरोबर आहे. तिकिटावर ज्या त्या विमानतळाची स्थानिक वेळ असते, म्हणून हा घोळ. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. जाताना तेवढे मिळवा : चार अधिक साडेपाच, साडेनऊ तास. येताना वजा करा : साडेचौदातून साडेपाच गेले, उरले नऊ. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. त्या मधल्या काळात साडेचारच तास धरायचे. वर्षभर साडेपाच धरणाऱ्यांचा हिशेब इथेच एका तासाने चुकतो.

उरलेला अर्धा तास वाऱ्याचा. विमान उडते त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांना अधिक जोर असतो. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा सरासरी ८० धरला, तर जाताना ८२० वेगाने ८ तास ४८ मिनिटे लागतील, येताना ९८० वेगाने ७ तास २१ मिनिटे. वारा रोज बदलतो, त्यामुळे वेळापत्रकात फरक इतका मोठा दिसत नाही.

शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, हीथ्रोवर उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळे त्यात धरलेले असते. घिरट्या वाचल्या तर विमान लवकरही पोहोचते. संकेतस्थळे बहुधा अंतराला ठरावीक वेगाने भागून वेळ काढतात. अंतरापुरतीच ती पाहावीत. मुलीला विमान उतरण्याच्या वेळी दारात उभे करू नका. पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत तास सहज जातो.

प्रश्न : मग विमान या ७,२१० किलोमीटरच्या रेषेवरूनच जाते का?

उत्तर : क्वचितच. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून पाहा : तो पाकिस्तान, इराण, कास्पियनचा दक्षिण भाग, कॉकेशस, काळा समुद्र असा जातो. सपाट नकाशावर हीच रेषा उत्तरेकडे फुगलेली दिसते. वाटेतल्या एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली की वळसा आलाच. २०१९मध्ये पाकिस्तानची हद्द फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत बंद होती, तेव्हा भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या अनेक विमानांचा प्रवास लांबला. वळसा नसला तरी त्या दिवशीचा वारा पाहून मार्ग थोडा सरकवतात, कारण वाऱ्याविरुद्धच्या जवळच्या वाटेपेक्षा लांबची वाट कधी कधी कमी इंधनात पार पडते.