तिसरा भाग एवढ्यात मिळणार नाही

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘हंगर गेम्स’ मालिकेतलं दुसरं पुस्तक ‘कॅचिंग फायर’ निम्म्यावर ठेवून दिलंस, कारण काय तर ‘परत तेच खेळ, आणि कॅटनिस नुसती घाबरते, पळून जाऊ म्हणते.’ आणि आता तिसरा भाग मागतेस. नाही देणार. आधी दुसरा संपव.

वाचनाचं महत्त्व तुला मी सांगायला नको. पण पहिला भाग ज्या वेगानं वाचलास त्याच वेगानं दुसऱ्यात शिरलीस, म्हणून अडकलीस. मुलांना रिंगणात एकमेकांना मारायला लावणारे ते खेळ; पहिल्यात प्रश्न एकच होता: कॅटनिस जगेल का? जगली, जिंकली, नवं घर मिळालं. आता त्या जिंकण्याची किंमत कोण मोजतंय, हे लेखिका सुझान कॉलिन्स या भागात दाखवतात. म्हणून सांगतो, मधलं वगळू नकोस.

अकराव्या डिस्ट्रिक्टचं, म्हणजे प्रांताचं, प्रकरण परत काढ. विजेत्यांना सगळीकडे मिरवणाऱ्या विजयदौऱ्यातला तो पहिलाच मुक्काम. खेळात मारल्या गेलेल्या तिथल्या छोट्या रूबद्दल कॅटनिस मनापासून बोलते. गर्दीतला एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ घालतो आणि सगळे तीन बोटं ओठांना लावून हात उंचावतात. थोड्याच वेळात शिपाई त्या म्हाताऱ्याला पुढे ओढून आणतात आणि डोक्यात गोळी घालतात. तिनं फक्त आभार मानले होते गं! आपल्या चांगल्या शब्दानंही माणूस मरतो हे कळल्यावर आई-बहिणीला घेऊन जंगलात पळावंसं वाटणं, याला तू भित्रेपणा म्हणतेस? ती घाबरली नसती तर मी पुस्तक तिथंच मिटलं असतं. 2014 मध्ये थायलंडमध्ये लष्करानं सत्ता बळकावली, तेव्हा मुलं रस्त्यावर हीच तीन बोटं उंचावत होती आणि पोलीस त्यांना धरून नेत होते. तीही घाबरलेलीच असणार.

आणि ‘तेच खेळ’ कुठे आहेत? आजवर चिठ्ठी मुलांच्या नावाची निघायची. जिंकून परत आलं की आयुष्यभराची सुटका, असा कॅपिटॉलचा, म्हणजे सत्ताधारी राजधानीचा, शब्द होता. पंचाहत्तराव्या वर्षी तो शब्दच मोडला. जुन्या विजेत्यांनाच पुन्हा रिंगणात ढकललं. कॅटनिसच्या बाराव्या डिस्ट्रिक्टमध्ये जिवंत असलेली स्त्री विजेती एकच, म्हणजे चिठ्ठी काढायचं नुसतं नाटक. शिवाय यातले बरेचसे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. मित्राला मारायचं आहे त्यांना.

दुसरा वाचल्याशिवाय तिसरा द्यायचा नाही, हा वाचनालयातला नियम माझाच. पालक भांडतात, ‘मूल वाचतंय ना, मग अडवता कशाला?’ असंच परत पाठवलेला एक मुलगा पुन्हा फिरकलाच नाही. त्याची रुखरुख आजही आहे. तरी नियम बदलला नाही, बदलणारही नाही. उडी मारून पुढे गेलेली मुलं मला येऊन विचारतात, कॅटनिस इतकी खचली का, कुणावर विश्वास का ठेवत नाही? काय सांगू त्यांना? सगळं मधल्या भागात लिहिलेलं आहे, त्यांनी ते वाचलेलंच नसतं. मी हट्टी असेन, पण यात माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

सिनेमा बघून घेते म्हणालीस. 2013 चा तो सिनेमा चांगलाच आहे. पण पुस्तक सगळं कॅटनिसच्या तोंडून आहे. तिला जे दिसत नाही ते तुलाही दिसत नाही. सिनेमातला कॅमेरा मात्र राष्ट्राध्यक्ष स्नोच्या खोलीत जाऊन त्याची कारस्थानं ऐकवतो. कॅटनिसच्या शेजारी बसून चाचपडायचं सुख तिथं कुठून मिळणार?

कॅपिटॉलच्या मेजवानीत खेळांचा नवा मुख्य आखणीकार प्लुटार्क हेवन्सबी तिला आपलं घड्याळ दाखवतो. काचेवरून अंगठा फिरवतो, कॅटनिसच्या बिल्ल्यावरचा तो मॉकिंगजे पक्षी क्षणभर उजळतो आणि नाहीसा होतो. तिला त्याचा अर्थ लागत नाही. तूही ते वाचून पुढे गेलीस ना? तिथं थांबायला हवं होतंस. याहून जास्त सांगत नाही.

मेजवानीपासून परत सुरू कर. झोप आली तर झोप, पण पानं उलटून पुढे जाऊ नकोस, मधलं वगळू नकोस. काही अडलं तर फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.

तुझा,
काका