जायंट सेल ट्यूमर कॅन्सर नाही, तर मग रेडिएशन कशाला?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: धाकटी बहीण, वय २६, देवगडला असते. कमरेखालच्या त्रिकोणी हाडात, म्हणजे सॅक्रममध्ये गाठ आहे आणि बायोप्सीत जायंट सेल ट्यूमर निघाला. एक डॉक्टर रेडिएशन सांगतात, दुसरे इंजेक्शनं. आणि गावात कुणी म्हणालं, साध्या गाठीला लाइट (म्हणजे रेडिएशन) दिला तर तिचा कॅन्सर होतो.

मी गुहागरची. मुंबईत रेडिएशन विभागात तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, त्यामुळे अशी तरुण मुलं-मुली मशीनवर झोपवली आहेत. निर्णय डॉक्टरांचाच. पण एक गोष्ट तुम्ही आग्रहाने मागून घ्या: पहिली सुई टोचण्याआधी हाडांच्या गाठींचे सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर यांनी एकत्र बसून सगळ्या उपचारांचा क्रम ठरवावा.

ही गाठ बहुतेक वेळा २० ते ४० वयात होते, जास्त करून गुडघ्याच्या आसपास. कॅन्सर नसली तरी ती हाड पोखरते, आणि काही थोड्या रुग्णांत फुप्फुसातही जाते. म्हणून छातीचा फोटो किंवा सीटी सांगितला तर टाळू नका. गुडघ्याजवळ असेल तर सर्जन ती खरवडून काढतात आणि पोकळीत बोन सिमेंट भरतात. तिथे रेडिएशनचा विषय सहसा निघत नाही. सॅक्रमचं तसं नाही. त्यातून लघवी-संडासवर ताबा ठेवणाऱ्या नसा जातात. गाठ मुळासकट काढायची तर त्या नसांचा बळी जाऊ शकतो, आणि खरवडली तर रक्तस्राव मोठा होतो. इंजेक्शनं, रक्तवाहिन्या आतून बंद करणं (एम्बोलायझेशन) आणि रेडिएशन हे पर्याय इथेच पुढे येतात.

इंजेक्शन म्हणजे डेनोसुमॅब. १२० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, शिवाय पहिल्या महिन्यात ८व्या आणि १५व्या दिवशी जादा. दुखणं लवकर उतरतं, म्हणून घरचे खूश होतात. पण गाठीच्या मूळ पेशी त्याने मरत नाहीत, औषध थांबवलं की गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते. कडेने नवं टणक हाड तयार होतं आणि त्यात उरलेल्या पेशी लपतात. त्यामुळे हे औषध देऊन मग खरवडलेल्या काही रुग्णांत गाठ परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. क्रम आधी ठरवा म्हणते ते यासाठी. सुरू करण्याआधी दात तपासून घ्या, कारण या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी डॉक्टर सांगतील तसं घ्यायलाच हवं, रक्तातलं कॅल्शियम खाली येतं.

आता गावातल्या बोलण्याबद्दल. त्यात तथ्य आहे. जुन्या ऑर्थोव्होल्टेज मशीनची किरणं हाडात जास्त शोषली जायची आणि काही वर्षांनी त्याच जागी खरोखरचा कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत. आजच्या लिनिअर ॲक्सिलरेटरवर तो धोका बराच कमी झालाय, संपलेला नाही. म्हणूनच २६ वर्षांच्या मुलीला कोणताही जाणता डॉक्टर रेडिएशन पहिल्या फटक्यात सुचवत नाही. ऑपरेशन जमण्यासारखं नसेल किंवा गाठ पुन:पुन्हा येत असेल, तेव्हाच ते हातात घेतात. एकूण मात्रा साधारण ४५ ते ५५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), रोज थोडं थोडं, आठवड्यातून पाच दिवस, पाच-सहा आठवडे. मशीनवर काही दुखत नाही. नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच दिसली तर घाबरू नका. तिची वाढ थांबणं हेच इथे यश, आणि बहुतेकांत ते मिळतं. इंजेक्शन आणि रेडिएशन दोन्ही एकत्र देण्याचा अनुभव मात्र अजून थोड्याच रुग्णांपुरता आहे, तो पर्याय कुणी सुचवला तर का, ते विचारा.

एक प्रश्न आपल्याकडे लाजेपोटी राहून जातो. ओटीपोटाजवळ रेडिएशन म्हणजे अंडाशयांना झळ. पुढे मूल हवं असेल तर अंडाशय बाजूला सरकवणं किंवा बीजं गोठवून ठेवणं यावर सुरू होण्याआधी बोला. डेनोसुमॅब चालू असताना आणि शेवटच्या डोसनंतर किमान पाच महिने गर्भधारणा नको. तिला स्वतःला विचारू द्या, भावाने किंवा आईने तिच्या वतीने उत्तर देऊ नये.

मुंबईला जाताना हायवेच्या एसटीत तिला बसवून नेऊ नका. कणकवलीहून कोकणकन्येत आडवं पडून जाऊ दे. परळच्या टाटा रुग्णालयात हाडांच्या गाठींचा स्वतंत्र विभाग आहे, आणि राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेडिएशनचे आठवडे गणपतीत येत असतील तर तारखा आधीच बोलून घ्या. एकदा सुरू झालं की मध्ये गावी जायला खंड पाडायचा नाही.

दुसरं मत घेण्यात दोन-तीन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही. हाडवैद्याकडून चोळून मात्र घेऊ नका, पोखरलेलं हाड मोडतं. आणि लघवी अडली, नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातलं बळ गेलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. देवगडहून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय मुंबईपेक्षा जवळ पडेल.