ऊन दिसतं, पण लागत नाही

प्रश्न : ताई, मी मूळची चिपळूणची, नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी कॅनडात एडमंटनला आले. पहिला विंटर खरं सांगायचं तर मजेत गेला, स्नो पडला की फोटो काढ, आईला व्हिडिओ कॉल लाव, असंच चालायचं. यावर्षी मात्र डोकं फिरलंय. फेब्रुवारी संपत आला तरी नोव्हेंबरातला बर्फ दारात तसाच आहे, आणि तो आता पांढरापण राहिला नाहीये, रस्त्यावर टाकलेल्या वाळूने राखाडी झालाय. तीन वर्षांच्या लेकीला स्नोसूट, बूट, हातमोजे, टोपी सगळं चढवून दारापर्यंत आणलं की ती म्हणते, आई शू. परवा त्यावरून मी तिच्यावर एवढी ओरडले की नंतर मलाच रडू आलं. बर्फ कोणी काढायचा यावरून नवऱ्याशी रोज खटके. सकाळी उठवत नाही, दुपारी डोळे मिटतात, सारखं काहीतरी गोड नाहीतर बटाटा खावासा वाटतो. सासूबाई फोनवर म्हणतात, घरात हीटर आहे ना, मग तुला कसली थंडी वाजते? मी आळशी झालेय का मला खरंच काही होतंय?
— एडमंटनहून एक वैतागलेली

उत्तर : अगं, आधी त्या शूचं सांगते कारण ते सोपं आहे. विचारायचंच नाही. "शू आलीय का" म्हटलं की मुलं नाहीच म्हणतात, म्हणून स्नोसूटला हात लावायच्या आधी नेऊन बसवायचं, आली तर आली. आणि स्वतःचं जॅकेट सगळ्यात शेवटी घालायचं, नाहीतर पोरीचे बूट चढवेपर्यंत आपल्यालाच घाम फुटतो आणि निम्मी चिडचिड त्या घामाची असते. माझ्या मुलाच्या वेळी हे कळायला मला दोन विंटर लागले.

आता सासूबाई. त्या चुकीचं बोलत नाहीयेत, त्यांना प्रश्न कळला नाहीये एवढंच. थंडीचं काय, जाड जॅकेट घातलं की विषय संपतो. तुला उजेड कमी पडतोय. चिपळूणला वर्षातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांचा असतो, एडमंटनला डिसेंबरात तोच साडेसात तासांचा होतो, सकाळी पावणेनऊनंतर सूर्य उगवतो आणि सव्वाचारला सूर्य गेलेला असतो. तू जे लिहिलंयस ना, उठवत नाही, झोप फार, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, चिडचिड, यातलं बरंचसं डॉक्टरांच्या यादीत आहे, हिवाळ्यातलं डिप्रेशन म्हणून. 1984 साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' असं नाव दिलं आणि गंमत म्हणजे रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून, भरपूर उन्हाच्या देशातून अमेरिकेत आलेले, तिथल्या हिवाळ्यात त्यांचं त्यांनाच जाणवलं होतं. म्हणजे तुझ्यासारखीच केस. तुला तेच झालंय असं मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही, पण आळशी हा शब्द डोक्यातून काढून टाक.

माझा पहिला विंटर मी बेसमेंटमधे काढला, भाडं कमी म्हणून. रात्री साडेनऊला फोन लावायचा, भारतात तेव्हा सकाळचे दहा, आई अंगणात तांदूळ निवडत बसलेली असायची आणि माझं रडगाणं ऐकून एकच सांगायची, जरा उन्हात बस गं. मला असा राग यायचा! तिला कसं समजवायचं की इथे ज्या दिवशी लख्ख ऊन असतं ना, तोच दिवस सगळ्यात गार, उणे पंचवीस, ऊन दिसतं पण लागत नाही. पुढे कळलं की आईचं बरोबर होतं. ऊन अंगाला लागायची गरजच नाही, डोळ्यांना दिसलं तरी काम होतं. शरीराचं घड्याळ डोळ्यांतून जाणाऱ्या उजेडावर चालतं, आणि आपल्याला कितीही लखलखीत वाटली तरी घरातली ट्यूब बाहेरच्या ढगाळ आकाशाच्या पासंगालाही पुरत नाही. बर्फावरून उजेड उलटतो तो वेगळाच. म्हणून सकाळी, संध्याकाळी नाही, सकाळी, अर्धा तास बाहेर. लेकीला स्लेडवर बसव आणि ओढत दूध आणायला जा. काळ्या पडलेल्या बर्फाकडे बघू नकोस, वर बघ.

अगदीच बाहेर पडता येत नसेल, उणे तीसमधे मीही पडत नाही, तर लाइट बॉक्स मिळतो, म्हणजे प्रखर उजेडाचा दिवा. 10,000 लक्सचा घे (लक्स म्हणजे उजेडाचं माप), उठल्यावर अर्धा तास, साधारण हातभर अंतरावर, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, शेजारी ठेवून चहा प्यायचा, पोळ्या लाटायच्या. डोळ्यांचा आजार असेल किंवा मूड एकदम चढण्या-उतरण्याचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार. आणि डी व्हिटॅमिन. 1988 साली एक अभ्यास आला होता, बोस्टनचा आणि तुमच्या एडमंटनचा, त्यात दिसलं की एडमंटनला ऑक्टोबर ते मार्च उन्हातून त्वचेत हे व्हिटॅमिन जवळपास तयारच होत नाही. आपली सावळी कातडी तर उन्हाळ्यातही हळूच बनवते. इथल्या दुधात ते घातलेलं असतं पण आपण पितो चहापुरतं दूध. रक्ततपासणीचं आणि डोसचं डॉक्टरांना विचार, मैत्रिणीच्या डब्यातल्या गोळ्या घेऊ नकोस.

आता तू फेब्रुवारीतच का चिडलीस ते. खरं तर सध्या एडमंटनचा दिवस रोज चार-चार मिनिटांनी वाढतोय, म्हणजे उजेडाचं मरण डिसेंबरातच होऊन गेलं. पण आपल्या हाडात दुसरंच कॅलेंडर आहे ना! होळी जळाली, थंडी पळाली. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन झाला की आपलं शरीर आवराआवर करायला लागतं, स्वेटर ट्रंकेत टाकायचे, माठ काढायचा. आणि इथे होळीला बर्फ, पाडव्याला बर्फ, एप्रिलमधेसुद्धा पडतो, झाडांना पानं मे महिन्यात. इथले लोक रोपं मे महिन्याच्या लाँग वीकेंडशिवाय बाहेर लावत नाहीत, त्यांना कोणी फसवलं नाहीये म्हणून ते वैतागत पण नाहीत. तू रोज "आता संपेल" म्हणून वाट बघतेयस आणि रोज फसतेयस. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर मे महिन्यात एक गोल करते आणि तोपर्यंत विंटरच आहे असं धरून चालते, मधे एखादा चांगला दिवस आला तर तो फुकटात. पाडव्याची गुढीसुद्धा मी बर्फाच्या ढिगातच खोचते, बांधायची कटकट नाही, मस्त ताठ उभी राहते.

एक काम नक्की कर. मटार्ट कंझर्व्हेटरीला जा, नदीकाठी काचेचे पिरॅमिड आहेत ते, 1976 पासूनचे. आतल्या उष्ण कटिबंधाच्या पिरॅमिडमधे शिरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि ओल्या मातीचा, सडक्या पानांचा वास येतो, तुला चिपळूणच्या परसात उभं राहिल्यासारखं होईल. लेकीला मोकळं सोड आणि बाकावर तासभर बस.

नवऱ्याचं म्हणशील तर बर्फाचे वार वाटून घ्या आणि वार फिरवू नका, बस. भुसभुशीत असताना लगेच काढला तर हलका असतो, तुडवून दगड झाला की मग भांडण होतं.

हे सगळं करूनही दोन आठवडे तसंच राहिलं, रडू थांबेना, लेकीकडे बघवेना, तर फॅमिली डॉक्टर. तुमच्या अल्बर्टा प्रांतात 811 ला फोन केला की नर्स बोलते. आणि जीव नकोसा वाटला तर कॅनडात कुठूनही 988 या हेल्पलाइनला फोन, दिवसा-रात्री कधीही. तेव्हा सासूबाईंना काय वाटेल याचा विचार करत बसायचं नाही.

प्रश्न : ऑक्टोबरपासून दही लागत नाहीये. विरजण बदललं, दूध बदललं, भांडं ब्लँकेटमधे गुंडाळलं. बायको म्हणते विकतचं आणा, मला ते पटत नाही.
— विनिपेगहून एक हट्टी गृहस्थ

उत्तर : अहो, ब्लँकेट ऊब देत नाही, असलेली ऊब टिकवतं फक्त, आणि तुमच्या किचनमधे ती मुळात नाहीये. ओव्हन लावू नका, नुसता त्याचा दिवा लावा आणि भांडं रात्रभर आत ठेवा. आतला बल्ब जुन्या पद्धतीचा, तापणारा हवा, एलईडी असेल तर उपयोग नाही. दूध बोट घालवेल इतपत कोमट असतानाच विरजा. आणि ओव्हनच्या दारावर चिठ्ठी चिकटवा, "आत दही आहे". आमच्याकडे एकदा पिझ्झासाठी ओव्हन 400 फॅरनहाइटवर तापवला गेला, पुढचं काही सांगत नाही.